डिस्क बसवली आणि पेडल तळाला गेलं: जुन्या जीपच्या ब्रेक पेडलची चाल क्रमाने कशी दुरुस्त करायची

जुन्या जीपला पुढे ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवून घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पेडल अर्ध्याच्या खाली जातं, दोनदा पंप मारला की वर येतं आणि मिनिटभराने पुन्हा खाली. मिस्त्री म्हणतो, "हवा राहिली असेल." हवा काढली जाते, मग परत काढली जाते, लिटरभर ब्रेक ऑईल वाया जातं आणि पेडल आहे तिथंच राहतं. शेवटी कोणीतरी मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑईल ढकलणारा मुख्य सिलिंडर, टाकतो. पेडल वर येतं, पण आता ब्रेक लागायला बराच जास्त जोर लागतो. मूळ दोष आत तसाच असतो, फक्त झाकला जातो.

चूक कामाच्या क्रमात आहे. पेडलचा प्रत्येक मिलिमीटर कुठेतरी खर्च होत असतो. काही पुशरॉडच्या (पेडल आणि मास्टरच्या पिस्टनमधला दांडा) ढिलीत जातो, काही मागच्या लायनरच्या (ड्रमला आतून घासणारे पट्टे) फटीत, काही वाकड्या डिस्कपायी, काही हवेत. तो कुठे जातो हे कळण्याआधी पार्ट बदलू नका.

खालचं सगळं विलीस पद्धतीच्या सीजे-३बी जीपला धरून लिहिलं आहे: चालकाच्या पायाखाली चॅसीला बसवलेला एकेरी मास्टर सिलिंडर, पुढे नवीन डिस्क, मागे जुने ड्रम. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा इतर जुन्या गाड्यांनाही क्रम हाच लागू पडतो. फरक आहे तिथे सांगितलं आहे.

कामाला लागण्यापूर्वी

सामान फार लागत नाही. स्टीलची पट्टी, फिलर गेज, डायल गेज (मागून आणा, पण आणाच), निपलला (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, रिंग पाने, होज (चाकांकडे जाणारी लवचिक रबरी नळी) दाबायचा गोल जबड्याचा क्लॅम्प, लाकडाचा ठोकळा आणि सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑईल. ही दोन्ही एकमेकांत मिसळली तरी चालतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. महिनोन्‌महिने अर्धवट उघडा पडलेला डबा वापरू नका. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं.

ब्रेकचे रबर पेट्रोल किंवा डिझेलने धुण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्यात रबर फुगतं, आणि काल बसवलेला कप (पिस्टनचं रबरी सील) महिन्याभरात अडकायला लागतो. धुवायचं ते ब्रेक ऑईलने किंवा स्पिरिटने. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा, नाहीतर रंग सुटतो.

> इशारा: या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही जीप सरकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जीप घोड्यांवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

## टप्पा १: आधी मोजा, मग पाना हातात घ्या

स्टिअरिंगच्या कडेपासून पेडलच्या मध्यापर्यंत पट्टी धरा आणि पाच आकडे वहीत लिहा:

१. पेडल मोकळं असताना.
२. हाताने हलकं दाबून जिथे पहिला अडथळा लागतो तिथे.
३. नेहमीच्या जोराने पहिल्यांदा दाबल्यावर.
४. पटापट तीनदा पंप मारून, तिसऱ्या वेळी दाबून धरल्यावर.
५. तसंच एक मिनिट दाबून धरल्यानंतर.

तिसरा आणि चौथा आकडा जवळपास सारखे असतील, पेडल खालीच पण कडक लागत असेल, तर एकतर पुशरॉडची ढिल आहे किंवा मास्टरचं माप लहान पडतंय. चौथ्या वेळी पेडल चांगलं वर येऊन कडक होत असेल आणि थोड्या वेळाने परत खाली जात असेल, तर कुठेतरी फट जास्त आहे, किंवा ऑईल मास्टरकडे परत उतरतंय. पंप मारूनही पायाखाली स्प्रिंगसारखं लागत असेल तर हवा, फुगणारा होज किंवा वाकणारा ब्रॅकेट. पाचव्या आकड्यात पेडल हळूहळू उतरत असेल तर गळती आहे: बाहेर ओल दिसली नाही तर मास्टरच्या आतला कप ऑईल मागे सोडतोय, तो आधी बदला. उतरत्या पेडलवर बाकीचे टप्पे करण्यात काही अर्थ नाही.

आता होजची चाचणी. जीपला लवचिक होज पुढच्या बाजूला असतात आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. सगळे क्लॅम्पने दाबा आणि पेडल मारा. आता ते उंच आणि दगडासारखं कडक लागायला हवं. लागलं नाही तर दोष मास्टर, पुशरॉड किंवा चॅसीवरच्या पाईपांत आहे, चाकांकडे बघूच नका. कडक लागलं तर एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या होजला पेडल सर्वांत जास्त खाली गेलं, तुमचं गिऱ्हाईक त्या चाकावर आहे.

> इशारा: तडे गेलेला जुना होज क्लॅम्प करू नका, तो आतून फाटतो. स्टीलच्या जाळीचा होज तर कधीच नाही. तशा ठिकाणी पाईप सोडून योग्य आट्याचा प्लग लावा आणि तीच चाचणी करा.

## टप्पा २: पेडलपासून पिस्टनपर्यंतची ढिल

आधी पेडलचं गुणोत्तर काढा. पेडलच्या पिव्हटपासून पावलाच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले पिव्हटपासून पुशरॉडच्या पिनपर्यंतचं अंतर. उत्तर बहुधा ५ ते ६च्या आसपास येतं. पुढे मी ६ धरतो. म्हणजे पुशरॉडजवळची १ मिमी ढिल पेडलवर ६ मिमी होते.

पेडल शाफ्टचे बुश आणि पुशरॉडची पिन हाताने हलवून बघा. अनेक वर्षं चिखल खाल्लेल्या जीपमध्ये दोन्ही झिजलेले असतात आणि नव्या ब्रेकच्या उत्साहात त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पिनचं भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल तर भरून घेऊन नव्याने ड्रिल करा. लेथवाल्याकडे हे किरकोळ काम आहे.

मग पुशरॉडची लांबी. पेडलवर सुमारे १२ मिमी मोकळी चाल हवी. जास्त असेल तर रॉड वाढवा. पण ती शून्यावर आणायचा मोह आवरा. रॉड पिस्टनला सतत टेकून राहिला तर मास्टरमधलं छोटं परतीचं भोक कपाने झाकलेलं राहतं. ऑईल मास्टरच्या टाकीत परत येत नाही, पॅड घासत राहतात आणि तापतात. पेडल मात्र सुरेख उंच लागतं! पाच-सात किलोमीटरनंतर पुढची चाकं जाम.

> तपासा: टाकीचं झाकण काढून पेडल हलकेच एक-दोन सेंटिमीटर दाबा. पहिल्या हालचालीला ऑईलच्या पृष्ठभागावर छोटी उसळी दिसली की परतीचं भोक मोकळं आहे. डोळे दूर ठेवा, कधी कधी ती कारंज्यासारखी येते.

बूस्टर (व्हॅक्यूमवर चालून पायाच्या जोराला मदत करणारा डबा) बसवला असेल तर बूस्टर आणि मास्टर यांच्या मधला रॉडही असाच मोजा. तिथे अगदी थोडी, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर फट पुरते. डिझेल इंजिनाला बूस्टर चालवायचा तर व्हॅक्यूम पंप लागतो. तो नसेल किंवा मेलेला असेल तर पेडल कडक होतं, लांब नव्हे. म्हणून लांब पेडलसाठी बूस्टरवर खापर फोडू नका.

## टप्पा ३: मागचे लायनर

डिस्क पुढे बसली म्हणून सगळे पुढेच बघतात. लांब पेडलचा दोष मागे सापडण्याचं प्रमाण मात्र भरपूर आहे. डिस्क आपली फट आपणच भरून काढते, जुन्या जीपचे ड्रम तसं करत नाहीत. ते हातानेच सेट करावे लागतात.

हिशेब करून बघा. मागचे व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर ढकलणारे छोटे सिलिंडर) १९ मिमीचे (पाऊण इंच) असतील तर दोन चाकांचे मिळून चार पिस्टन. प्रत्येक पिस्टनला २ मिमी जास्त सरकावं लागलं तर २५.४ मिमीच्या मास्टरला साडेचार मिमी जास्त चालावं लागतं, आणि पेडल सुमारे २७ मिमी खाली जातं. म्हणजे इंचभर चाल मागच्या ढिल्या लायनरनीच खाल्ली.

१. मागचं चाक उचला आणि चाक फिरवत ठेवा.
२. बॅक प्लेटच्या मागचा एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून लायनर ड्रमला अडेपर्यंत आणा.
३. चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. हलकी कुठेतरी 'सर्र' अशी घासणी चालेल.
४. दुसऱ्या लायनरला तेच, मग पेडल दोनदा जोरात मारून पुन्हा तपासा. लायनर जागेवर बसले की फट परत उघडते, म्हणून ही दुसरी फेरी चुकवू नका.

सेटिंग करूनही मागचा होज सोडल्यावर पेडल खाली जात असेल तर ड्रम काढा. लेथवर वारंवार कातलेल्या ड्रमची गोलाई मोठी होते आणि नवे लायनर फक्त मधोमध टेकतात. जोर दिला की लायनर वाकून मग बाकीचा टेकतो, पायाला ते मऊ लागतं. लायनरवर खडू फासून ड्रम चढवा, चाक फिरवत ब्रेक मारा आणि परत काढून बघा. खडू मधल्या पट्ट्यातच पुसला गेला असेल तर लायनर ड्रमच्या मापाला घासून घ्यायला हवेत. ड्रम छापील कमाल मापाच्या पलीकडे गेला असेल तर नवा घ्या, घासाघीस करू नका.

> तपासा: हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच काम करतो अशा गाड्यांवर (किंवा जीपला दुसरा अ‍ॅक्सल टाकला असेल तर) हँडब्रेक दोन दात ओढून पेडल मारा. पेडल वर आलं तर फट मागेच आहे. मूळ हँडब्रेक असलेल्या जीपवर या चाचणीतून काहीच कळत नाही.

## टप्पा ४: हब, डिस्क आणि कॅलिपर

डिस्कला चाल फार कमी लागते. पण जी लागते ती महाग असते. जुन्या ड्रमच्या पुढच्या व्हील सिलिंडरमध्ये १ इंची दोन पिस्टन होते, मिळून सुमारे १,०१० चौरस मिमी. त्याजागी आलेल्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन ५४ मिमीचा असेल तर तो एकटा २,२९० चौरस मिमी. तेवढंच सरकायला सव्वादोनपट ऑईल लागतं. म्हणून ड्रमच्या काळात चालून गेलेला हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) हलकासा खडखडाट आता पेडलवर दिसतो.

हब. चाक वर-खाली धरून हलवा. थोडीही ढिल असेल तर टेपर बेअरिंग सेट करा: नट आवळत चाक फिरवा, जड लागलं की किंचित मागे घ्या, लॉक वॉशर दुमडा. झिजलेलं बेअरिंग सेट करून भागत नाही.

डिस्कचा हेलकावा. डायल गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवा आणि डिस्क पूर्ण एक फेरा फिरवा. सुई ०.१० मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलत असेल तर डिस्क काढून हबचा तोंडभाग तारेच्या ब्रशने लख्ख करा. गंजाचा एक कण किंवा रंगाचा थर पुरतो. जुन्या हबवर नवी डिस्क बसवताना रंग मारून 'फिनिशिंग' देणारे कारागीर असतात, तो रंग खरवडून काढा. तरीही हेलकावा राहिला तर हब लेथवर लावून तोंड एकसारखं करून घ्यावं लागतं.

हबच्या ढिलीची आणि हेलकाव्याची खूण सोपी आहे. सरळ गुळगुळीत रस्त्यावर पेडल ठीक, पण खराब रस्ता किंवा जोराचं वळण झालं की पुढचा पहिला ब्रेक खोल जातो, दुसरा बरोबर. फिरणारी डिस्क पॅडना धक्के मारून पिस्टन मागे ढकलत असते. कितीही हवा काढा, हे जाणार नाही.

कॅलिपर आणि ब्रॅकेट. सरकत्या कॅलिपरच्या दोन्ही पिना बोटाने सरकायला हव्यात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर खातं. मग एकाला पेडल मारायला सांगून कॅलिपरकडे बघा. पॅड डिस्कवर आवळले गेल्यानंतरही कॅलिपर पिळला जाताना दिसत असेल तर ब्रॅकेट पातळ आहे किंवा डिस्कला समांतर नाही. पातळ पट्टीचे गावठी ब्रॅकेट इथेच उघडे पडतात. दोन्ही पॅड काढून त्यांची झीज बघा. एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी म्हणजे कॅलिपर तिरका बसलाय.

आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक: डावा-उजवा कॅलिपर उलटा बसवणं. हवा काढायचं निपल सर्वांत वर हवं. ते खाली आलं की वरच्या कप्प्यातली हवा कधीच बाहेर पडत नाही. बाजू बदलून बघा. किटच्या ब्रॅकेटमुळेच निपल तिरकं राहत असेल तर हवा काढताना कॅलिपर सोडून, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा घालून, निपल वर करून धरा.

> इशारा: पॅड बदलल्यावर किंवा कॅलिपर काढून बसवल्यावर पहिली काही पेडलं तळाला जाणारच, पिस्टन बाहेर यायचे असतात. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप मारा. गॅरेजच्या भिंतीला धडकलेल्या गाड्या बहुतेक याच क्षणी धडकतात.

## टप्पा ५: मास्टरमधला जुना व्हॉल्व्ह

हा टप्पा नीट वाचा. अर्ध्याअधिक रूपांतरांमध्ये इथंच गोंधळ असतो.

ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टरमध्ये, पुशरॉडच्या विरुद्ध टोकाला, स्प्रिंगच्या मागे एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो पाईपमध्ये साधारण १० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब राखतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप पसरलेले राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये लायनर ओढून घेणारी दणकट स्प्रिंग असते, तिला १० पीएसआयचं काही वाटत नाही. डिस्कमध्ये अशी स्प्रिंगच नाही. तिथे हा दाब पॅड डिस्कवर टेकवून ठेवतो.

मग व्हॉल्व्ह काढून टाकला की प्रश्न मिटला? नाही. जीपचा मास्टर पायाखालच्या पत्र्याखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर आहे. दाब राखणारं काहीच नसेल तर उभ्या गाडीत ऑईल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि सकाळचा पहिला ब्रेक तळाला जातो. म्हणून:

१. मास्टरच्या आत १० पीएसआयचा व्हॉल्व्ह आहे का, हे उघडून नक्की करा. स्प्रिंग त्याच व्हॉल्व्हवर बसलेली असते. तो काढायचा तर स्प्रिंग मधोमध राहील अशी बैठक ठेवा. त्यापेक्षा डिस्क-ड्रमसाठीच बनलेला मास्टर घेणं मला जास्त पटतं.
२. पुढच्या पाईपला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह, मास्टरजवळ. बाणाची दिशा चाकाकडे.
३. मागच्या ड्रमच्या पाईपला १० पीएसआयचा व्हॉल्व्ह.
४. मास्टरमधला जुना आणि पाईपमधला नवा, असे दोन्ही एकाच ओळीत ठेवू नका.

फायरवॉलवर, म्हणजे कॅलिपरपेक्षा वर मास्टर असलेल्या गाडीत पुढचा २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागत नाही.

> तपासा: पेडल सोडून मिनिटभर थांबा. पुढच्या निपलला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा आणि निपल अर्धा आटा सोडा. जोराची चिळकांडी आली तर ड्रमचा व्हॉल्व्ह अजून आत आहे. उलट नळीतलं ऑईल कॅलिपरकडे ओढलं गेलं तर दाब राखणारं काहीच नाही.

## टप्पा ६: पाईप आणि जोड

जीपचे मूळ नट इंची आट्यांचे, नव्या कॅलिपरचे आणि मास्टरचे बहुधा मेट्रिक. तीन अष्टमांश इंची, २४ आट्यांचा नट एम१० बाय १च्या भोकात जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि आटे अर्धेच धरतात. पुढे एखाद्या जोरदार ब्रेकला तो सुटतो. नट हाताने शेवटपर्यंत न डगमगता गेला पाहिजे. डगमगत असेल तर माप चुकलंय. पाईपच्या तोंडाची घडणही दोन प्रकारची असते. ज्या भोकात जे तोंड बसतं तेच बनवून घ्या. चुकीचं तोंड कितीही आवळलं तरी झिरपतं.

बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. पाईप स्टीलचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा. फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून वापरली जाते, पण थरथरीने ती कडक होऊन तडकते. ब्रेकला ती नकोच. रबरी होज जुने असतील तर याच वेळी सगळे बदला. फुगणारा होज बोटांनी धरून पेडल मारलं की जाणवतो.

पाईपचा रस्ताही बघा. चॅसीवर उंचवटा घेऊन परत खाली उतरणारा पाईप हवेचा सापळा होतो.

## टप्पा ७: आता हवा काढा

इथपर्यंत येईतो निम्म्या जीपांचं पेडल वर आलेलं असतं.

मास्टर नवा असेल किंवा उघडला असेल तर तो आधी व्हाइसमध्ये धरून, तोंडातून नळ्या टाकीत परत घेऊन, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू चालवा. मग जागेवर बसवा. पत्र्याखालच्या मास्टरची टाकी भरायला छोटी चाडी आणि नळी लागते. तिथे मातीचा एक खडा आत गेला तरी कप चिरतो, म्हणून झाकणाभोवती आधी स्वच्छ पुसा.

क्रम: मास्टरपासून लांबचं चाक आधी. उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

१. पेडलखाली ठोकळा ठेवा म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टरच्या शेवटच्या भागात गंज असतो, कप तिथे गेला की त्याची कड फाटते. हवा काढताना 'मास्टर गेला' असं म्हणतात ते बहुधा यामुळे.
२. नळीचं टोक ऑईलमध्ये बुडवा. सावकाश दाबा, दाबलेलं असताना निपल उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. घाईने पंप मारला तर ऑईलला फेस येतो आणि बारीक बुडबुडे तासभर निघत नाहीत.
३. दर पाच-सहा पेडलांनंतर टाकी बघा. एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.
४. मास्टरजवळच्या ऑईलवर चालणाऱ्या ब्रेक लाइट स्विचकडे हमखास दुर्लक्ष होतं. तो किंचित सैल करून थोडं ऑईल बाहेर येऊ द्या, मग आवळा. तिथल्या कप्प्यात हवा दडून बसते.

हट्टी हवेसाठी मोठ्या सिरिंजने कॅलिपरच्या निपलमधून ऑईल उलट वर ढकलण्याची युक्तीही चालते. जीपमध्ये मास्टर खाली असल्याने तिचा उपयोग तसा कमीच.

## टप्पा ८: तरीही पेडल खालीच? आता मास्टरचं माप

सगळं जागेवर आहे, पेडल कडक आहे, पण खोल आहे. आता, आणि आताच, मास्टर बदलण्याचा विचार करा. लहान बोअरने मोठे कॅलिपर चालवणं म्हणजे वाटीने हंडा भरणं.

उदाहरण घ्या: ५४ मिमीचे दोन कॅलिपर, प्रत्येकी दोन्ही पॅडची मिळून अर्धा मिमी फट, पेडलचं गुणोत्तर ६. एवढ्या फटीसाठी पेडल किती खाली जाईल?

- १९ मिमी मास्टर: सुमारे ४८ मिमी
- २२.२ मिमी मास्टर: सुमारे ३५ मिमी
- २५.४ मिमी मास्टर: सुमारे २७ मिमी

दुसरी बाजूही मांडा. पायाचा जोर ३० किलो धरला तर २२.२ मिमीच्या मास्टरमध्ये दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४६ किलो, २५.४ मिमीच्या मास्टरमध्ये फक्त ३५. म्हणजे पेडल ८ मिमी वर आणण्यासाठी पायाला तीस टक्के जास्त जोर द्यावा लागेल. बूस्टर नसलेल्या जीपला हा सौदा परवडत नाही. मूळ जीपचा मास्टर आधीच १ इंची असतो. त्यावर आणखी मोठा घालायची वेळ येत असेल तर कॅलिपरच या जीपसाठी वाजवीपेक्षा मोठे निवडले आहेत, किंवा वरचा एखादा टप्पा तुम्ही उरकून टाकलाय.

मास्टर बदलणारच असाल तर दुहेरी घ्या. एकेरी मास्टरमध्ये एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, कोणतं तोंड पुढच्या चाकांचं आहे, ते त्या मास्टरच्या मूळ गाडीवरून ठरवा, फक्त जागेवरून अंदाज करू नका. दुसरी, टाकीचं माप. ५४ मिमीच्या सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड ८-८ मिमी झिजले की पिस्टन १६ मिमी बाहेर येतो. दोन चाकांचे मिळून सुमारे ७३ मिलीलिटर ऑईल टाकीतून कायमचं कमी होतं. ड्रमच्या छोट्या टाकीत तेवढा साठा नसला तर पॅड अर्धे शिल्लक असतानाच हवा शिरते.

मागची चाकं लवकर लॉक होत असतील तर त्यासाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह वेगळा असतो. तो पेडलच्या चालीचं औषध नाही, आणि 'डिस्क किट पूर्ण' करण्याच्या नावाखाली तो गळ्यात मारला जातो.

## टप्पा ९: रस्त्यावर जाण्याआधी आणि नंतर

टप्पा १चे पाच आकडे पुन्हा घ्या आणि जुन्यांशेजारी लिहा. पहिल्याच दाबात पेडल चालीच्या वरच्या अर्ध्यात कडक व्हायला हवं. पूर्ण जोर लावून मिनिटभर धरल्यावर ते उतरता कामा नये, आणि खाली निदान एक तृतीयांश चाल शिल्लक हवी.

चारही चाकं उचलून हाताने फिरवा. पुढची हलकी घासतील, अडकणार नाहीत. मग रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगाने दोन-चार ब्रेक, त्यानंतर ताशी २० किलोमीटर. ते जमलं की पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं गार होऊ द्या. या काळात ब्रेक जरा कमजोर वाटतो, पण पेडल लांब होत नाही. लांब झालं तर थांबा.

पाच-सहा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा आणि दोन्ही पुढच्या हबवर पाण्याचे थेंब टाका. एका बाजूला चर्र आवाज झाला आणि दुसरीकडे नाही, तर चर्र झालेल्या बाजूचा कॅलिपर किंवा होज अडकतोय. दोन्हीकडे झाला तर टप्पा २ आणि ५ परत उघडा.

पाचशे किलोमीटरनंतर मागचे लायनर पुन्हा सेट करा, कारण नवे लायनर या काळात बसतात आणि फट वाढते. त्याच वेळी टाकीतली पातळी, बँजो बोल्टभोवतीची ओल आणि ब्रॅकेटचे बोल्ट बघा.